पाद्री नसलेल्या रविवारी

सिल्लेवानीचा घाट उतरला की बोली बदलते. वर छिंदवाड्याकडे हिंदी आणि गोंडी. खाली सौंसर, लोधीखेडा, मोहगाव, पांढुर्णा इथे आमची नागपुरी वळणाची मराठी. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, तोवर राजधानी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा तालुका मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. संत्री, कापूस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आणि जामसावळीचा निजलेला हनुमान, एवढ्यावर बाहेरच्यांना हा भाग ठाऊक असतो. या मराठी पट्ट्यात एखादं लूथरन ख्रिस्ती घर असू शकतं, हे नागपूरच्या पाहुण्यांना आजही समजावून सांगावं लागतं. सौंसरचं आमचं घर तसं होतं.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, छिंदवाड्याचं. नाताळ, ईस्टर, कुणाचा बाप्तिस्मा किंवा दृढीकरण असलं की आम्ही नॅरोगेजच्या छोट्या गाडीने वर जायचो. एरवीच्या रविवारी उपासना घरीच. बाहेरच्या खोलीतला पलंग भिंतीला सारायचा, टेबलावर धुतलेली पांढरी चादर घालायची, त्यावर बायबल, मेणबत्ती आणि बाबांच्या अक्षरातली वही. वहीत सगळा क्रम होता. देवाच्या नावाने आरंभ, पापांगीकार, क्षमेचं वचन, दयेची विनवणी, स्तुती, त्या रविवारची प्रार्थना, शास्त्रवाचनं, प्रेषितांचा विश्वासांगीकार, उपदेश, सर्वांसाठी विनंत्या, प्रभूची प्रार्थना, आशीर्वचन. आणि मध्ये मध्ये गीतं. मंडळीत हा क्रम हिंदीत चालायचा. घरासाठी बाबांनी तो मराठीत उतरवून घेतला होता. उपदेशाच्या जागी ते छापील पुस्तकातलं एखादं मनन वाचत. क्षमेच्या वचनाशी आले की मात्र त्यांचा सूर बदलायचा. पाद्री त्या ठिकाणी लोकांकडे वळून क्षमा जाहीर करतात. बाबांची दीक्षा झालेली नव्हती, म्हणून तेवढा भाग ते जाहीर न करता, आमच्यासारखंच देवाकडे तोंड करून, मागणं म्हणून वाचत. प्रभुभोजन तर घरी नव्हतंच. त्यासाठी छिंदवाडाच गाठावं लागे.

आजीला अक्षरओळख नव्हती. वही तिच्या उपयोगाची नव्हती आणि तिला ती लागतही नव्हती. बाबांनी एक ओळ वाचली की पुढची ओळ आजीच्या तोंडून आपोआप यायची. तांदूळ निवडताना, कापूस वेचून परतताना ती हीच उत्तरं पुटपुटायची. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमचे पाद्रीबाबा तं येतच नाही, मंग तुमची पूजा होते कशी?" आजी म्हणाली, "पाद्री बिमार पडला तं देव बी बिमार पडते का?"

मी पुढे पांढुर्ण्याच्या शाळेत इतिहास शिकवला, जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरबद्दल, स्वीडनबद्दल, मिशनांबद्दल मिळेल ते वाचलं. आजीच्या उत्तरापलीकडे मी फार गेले असं मला वाटत नाही. लूथरन परंपरेत उपासनेचा ठरलेला क्रम जपतात तो याचसाठी, की देवापुढे उभं राहणं कुणा एकाच्या वक्तृत्वावर, हुशारीवर किंवा त्या सकाळच्या मनःस्थितीवर अवलंबून राहू नये. हा क्रम जर्मनीतून स्वीडनमार्गे सातपुड्यात कसा आला, ते बघितलं की याची खात्री पटते.

लूथरच्या आधीच्या शतकांत पश्चिम युरोपातली मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, लॅटिनमध्ये होती. सर्वांत पवित्र मानलेली प्रार्थना धर्मगुरू वेदीशी हळू आवाजात म्हणायचा. लोकांना ती ऐकू येत नसे, आली तरी कळत नसे. 1415 च्या कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने सामान्य लोकांना द्राक्षारसाचा प्याला देऊ नये असं पक्कं केलं होतं. बहुतेक लोक वर्षातून एकदा, ईस्टरला, भाकरी घेत. बाकीच्या रविवारी ते बघत उभे असत.

पापक्षमापत्रांवरून झालेल्या 1517 च्या वादानंतर हे सगळं मोडून टाकावं असं म्हणणारे लूथरच्या जवळच निघाले. तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून बसलेला असताना, 1521 च्या नाताळला, त्याचा सहकारी कार्लश्टाट याने विटेनबर्गमध्ये साध्या कपड्यांत, पूर्वतयारीची पापकबुली न मागता उपासना घेतली आणि लोकांच्या हातात भाकरी व प्याला दोन्ही दिले. पुढच्या काही आठवड्यांत मूर्ती फोडल्या गेल्या, गावात धुसफुस वाढली. मार्च 1522 मध्ये लूथर परतला आणि लागोपाठ आठ दिवस प्रवचनं केली. कार्लश्टाटच्या बऱ्याच सुधारणा त्याला स्वतःला हव्या होत्या. पण दुबळ्या मनाच्या माणसाला फरफटत न्यायचं नाही, आधी शिकवायचं, मग बदलायचं, असं त्याने बजावलं. जुने पोशाख आणि लॅटिन काही काळ परत आले.

हा प्रसंग मी वर्गात नेहमी गोटमारीच्या आधारे शिकवला. पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दगडांचा मारा. शेकडो लोक जखमी होतात, माणसंही गेली आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले. वरून आलेल्या हुकुमाने प्रथा हलत नाही, हे आमच्या मुलांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण प्रथा आहे म्हणून ती चांगली, असंही लूथर म्हणत नव्हता. प्रत्येक विधीला त्याचा एकच प्रश्न होता: यातून माणसाला देवाचं देणं मिळतं, की माणूस देवाला काही देऊन उपकार करतोय असा भ्रम वाढतो? गोटमारीला असा प्रश्न विचारला तर तिला उत्तर देता येत नाही, हेही मी वर्गात स्पष्ट बोलत आले. मुलं हसायची, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर जायची.

1523 च्या शेवटी लूथरने लॅटिन मिस्सेची सुधारलेली मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात त्याने फार थोडं काढलं. ख्रिस्ताचा बळी धर्मगुरू पुन्हा अर्पण करतो असा अर्थ ज्या प्रार्थनांतून निघत होता त्या गेल्या. दयेची विनवणी, स्तुती, विश्वासांगीकार, वाचनं राहिली. प्याला लोकांना परत मिळाला. लोकभाषेतली उपासना त्याने सावकाश तयार केली. 29 ऑक्टोबर 1525 ला विटेनबर्गमध्ये ती पहिल्यांदा झाली आणि 1526 मध्ये छापली गेली. तिच्या प्रस्तावनेत त्याने तीन प्रकारच्या उपासना सांगितल्या. पहिली लॅटिन, शिकणाऱ्या पोरांसाठी. दुसरी जर्मन, साध्या लोकांसाठी. आणि तिसरी, ज्यांना मनापासून ख्रिस्ती व्हायचं आहे त्यांनी घरात एकत्र जमून केलेली, जिच्यात फारशा थाटाची गरज नाही. तिसऱ्या प्रकारासाठी आपल्याकडे अजून माणसं नाहीत, हेही त्याने कबूल केलं. आपला हा क्रम दुसऱ्या गावांवर कायदा म्हणून लादू नये, असंही त्याने तिथेच सांगून ठेवलं.

गाणं हा या बदलाचा कणा होता. 1524 मध्ये न्यूर्नबर्गमध्ये आठ गीतांची एक पातळ पुस्तिका छापली गेली. लूथरन गीतसंग्रहांची सुरुवात तिथून धरतात. लूथरने विश्वासांगीकारसुद्धा पद्यात बसवला, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो गाता यावा. पूर्वी गायकवृंद आणि धर्मगुरू गायचे, आता चांभार, दाई आणि शेतकरी गाऊ लागले. दोनशे वर्षांनी बाख लाइपझिगमध्ये दर रविवारसाठी जे संगीत लिहीत होता, ते मैफलीसाठी नव्हतं. त्या दिवसाच्या वाचनांना जोडून, उपासनेच्या क्रमात बसणारं होतं.

याहून मोठा धडा खेड्यांतून मिळाला. 1528 मध्ये सॅक्सनीच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांची तपासणी झाली. लोकांना प्रभूची प्रार्थना येत नव्हती आणि कित्येक ठिकाणी पाद्र्यांनाही शिकवता येत नव्हती. लूथर हादरला. 1529 मध्ये त्याने प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका काढली आणि घरच्या कर्त्याने ती कुटुंबाला शिकवावी असं तिच्या भागांच्या मथळ्यांतच घातलं. ज्यांना धड उपदेश करता येत नाही त्यांनी वाचून दाखवावेत म्हणून प्रवचनांचे संग्रहही त्याने तयार केले. सौंसरच्या बाहेरच्या खोलीत छापील मनन वाचणारे बाबा त्या सोयीचा लाभ घेत होते. उपदेश कच्चा निघाला तरी त्या दिवशीचं शास्त्रवाचन, क्षमेचं वचन आणि विश्वासांगीकार लोकांपर्यंत पोचतातच, एवढी तरतूद क्रमातच होती.

1530 च्या आउग्सबुर्गच्या विश्वासपत्रात दोन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. चोविसावं कलम सांगतं की आम्ही मिस्सा सोडलेली नाही, उलट आदराने पाळतो. सातवं सांगतं की मंडळीच्या ऐक्यासाठी शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कार यांवर एकमत पुरे. माणसांनी घालून दिलेले विधी सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही. क्रम जपा, पण त्याला देव करू नका, ही कसरत लूथरन मंडळ्या तेव्हापासून करत आल्या आहेत.

आमच्याकडे हा वारसा थेट जर्मनीहून आला नाही, तो आला स्वीडनहून. तिथे ओलाउस पेत्री याने 1531 मध्ये स्वीडिश भाषेतली मिस्सा छापली. पुढे तिसरा योहान या राजाने 1576 मध्ये जुन्या रोमन वळणाचं उपासनापुस्तक देशावर लादलं. त्याच्या लाल बांधणीवरून लोक त्याला लाल पुस्तक म्हणत. त्यावरून पाद्र्यांची हकालपट्टी, कैद, देशत्याग असं सगळं झालं आणि राजा गेल्यावर 1593 च्या उप्सालाच्या सभेने ते पुस्तक मोडीत काढलं. पण जरीचे पोशाख, वेदी, गाऊन म्हणायच्या प्रार्थना यांतलं बरंच काही स्वीडनने ठेवलं. युरोपातल्या प्रोटेस्टंट देशांत जुन्या उपासनेचं रूप इतकं जपणारे देश थोडेच.

रूप राहिलं, पण ऊब कमी होत गेली. रविवारी चर्चला जाणं हे सरकारी कर्तव्य होऊन बसलं. मग शेतकरी आणि कारागीर संध्याकाळी एकमेकांच्या घरी जमून बायबल आणि लूथरची प्रवचनं वाचू लागले. त्यांना लोक वाचक म्हणत. 1726 च्या फर्मानाने पाद्र्याशिवाय घरात अशा सभा घेणं गुन्हा ठरला. शिक्षा दंडाची, भाकरीपाण्यावरच्या कैदेची, शेवटी हद्दपारीची. हे फर्मान 1858 मध्ये रद्द झालं. त्याच्या दोन वर्षं आधी, म्हणजे कायदा अजून लागू असतानाच, वाचकांच्या चळवळीतून स्टॉकहोममध्ये इव्हँजेलिकल राष्ट्रीय मिशन संस्था उभी राहिली. कार्ल ओलोफ रोसेनिउस हा दीक्षा न घेतलेला उपदेशक तिचा मोठा आधार होता. लीना सांडेल ही तिची गीतकार, जिची गीतं आज स्वीडनमध्ये पाळण्यापासून अंत्यविधीपर्यंत गायली जातात. आमच्या सातपुड्यात आले ते या संस्थेचे लोक.

पहिले स्वीडिश मिशनरी मध्य प्रांतात आले 1877 मध्ये. तारखेकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण त्याच सुमारास मायदेशी त्यांची संस्था उपासनेच्याच प्रश्नावर फुटत होती. मनाने न बदललेल्या लोकांबरोबर, सरकारी चर्चच्या पाद्र्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायचं का, असा तो प्रश्न. पी. पी. वाल्डेनस्ट्रोम आणि त्याचे साथीदार नाही म्हणाले आणि 1878 मध्ये वेगळे झाले. जे राहिले त्यांनी घरातली वाचनसभाही ठेवली आणि चर्चचा क्रमही ठेवला. छिंदवाडा, बैतुल, सागर या जिल्ह्यांत जी मंडळी उभी राहिली, ती या राहिलेल्यांची. म्हणून आमच्यात ही दोन्ही वळणं दिसतात: पोशाख घातलेला पाद्री, ठरलेली उत्तरं, वर्षाच्या काळाप्रमाणे वेदीवरचा जांभळा, पांढरा, तांबडा, हिरवा कपडा, आणि त्याचबरोबर संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी घालून बायबलवाचन.

ते आले होते गोंडांसाठी. त्यांच्या आधी स्कॉटिश मिशनचे जेम्स डॉसन छिंदवाड्यात गोंडी शिकले होते आणि शुभवर्तमान त्या भाषेत उतरवत होते. नागपुरात 1845 पासून राहणारे स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची लिंगोची गाणी लिहून घेतली होती. 1863 मध्ये नागपूरजवळ ओढा ओलांडताना ते बुडाले आणि ती टिपणं रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. बाणा हे वाद्य वाजवून गोंडांचे परधान गायक जी कथा गातात ती तासन् तास चालते, क्रम ठरलेला असतो, ऐकणाऱ्यांना कुठे काय येणार ते माहीत असतं. पाठ करून, एकत्र, ठरल्या वेळी देवाशी बोलायचं असतं, हे सातपुड्याला स्वीडनने शिकवलेलं नाही. ते इथे होतंच.

मोठ्या संख्येने गोंड ख्रिस्ती झाले नाहीत. मंडळी लहानच राहिली. दुष्काळात आलेली अनाथ मुलं, शाळांत शिकलेली, दवाखान्यांत बरी झालेली अशी वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं त्यात होती. घरी कुणी गोंडी बोले, कुणी बुंदेली, कुणी आमच्यासारखी मराठी. शाळेत आणि उपासनेत हिंदी. अशा जमावाला बांधणारा धागा कोणता? पूर्वज वेगवेगळे, जेवण वेगवेगळं, लग्नाच्या चाली वेगवेगळ्या. सगळ्यांना सारखी ठाऊक असलेली एकच गोष्ट होती, रविवारची उत्तरं. स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू परतले, कारभार इथल्या लोकांच्या हाती आला. छिंदवाड्याचं लूथर भवन आज मध्य प्रदेशातल्या इव्हँजेलिकल लूथरन चर्चचं मुख्य ठिकाण आहे आणि बैतुल जिल्ह्यातलं पाढरचं रुग्णालय याच चर्चचं. परदेशी माणसं गेली तेव्हा त्यांच्याबरोबर उपासना गेली नाही, कारण ती त्यांच्या तोंडात नव्हती, आमच्या तोंडात होती.

माझी आत्या नागपूरला स्कॉटिश मिशनच्या मंडळीत सून म्हणून गेली. त्यांच्याकडची पद्धत वेगळी. स्कॉटिश परंपरेत 1645 पासून जे मार्गदर्शक पुस्तक चाललं, त्यात प्रार्थनेत काय काय यावं ते सांगितलंय, शब्द मात्र पाद्र्याने स्वतः जुळवायचे. पाद्री तयारीचा असला तर ती प्रार्थना ऐकत राहावी अशी. आत्या मात्र सुट्टीला आली की म्हणायची, "तिथं मी ऐकते, इथं मी म्हणते." अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनकडेही छापील उत्तरांचा भर नव्हता. तिथे ही उणीव भरून काढली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि 1919 मध्ये ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडात अभंग आणि भजनं घातली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून ती आमच्या सौंसरच्या टेबलावरही आली. लूथरने जे जर्मन चालींवर केलं, ते टिळकांनी ओवी-अभंगावर केलं. लूथरन नसलेल्या या कवीची गीतं बाबा लूथरन क्रमाच्या नेमक्या जागी बसवायचे आणि ती बसायची.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च बनलं. आत्याची मंडळी त्यात गेली, आमची लूथरन मंडळी गेली नाही. त्यामुळे एकाच कुटुंबाचे नाताळचे कार्यक्रम दोन प्रकारचे झाले, पण ताटातल्या करंज्या आणि अनारसे तेच राहिले.

मराठी माणसाचा लूथरन परंपरेशी संबंध सातपुड्यातल्या या मिशनहून जुना आहे, आणि तो राजवाड्यातून सुरू होतो. झीगेनबाल्ग आणि प्लुशाउ हे दोन जर्मन 9 जुलै 1706 ला डेन्मार्कच्या राजाने पाठवल्यावरून तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरले. त्याच मिशनचे ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ पुढे तंजावरला आले, मराठीही शिकले आणि बाल सरफोजी भोसल्यांचे पालक झाले. 13 फेब्रुवारी 1798 ला श्वार्ट्झ वारले. सरफोजीराजांनी इंग्लंडचा शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मरणशय्येवरचा पाद्री आणि शेजारी उभा मराठा राजा, असं ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. राजा ख्रिस्ती झाला नाही, गुरूला मात्र विसरला नाही. नागपूरचाही एक धागा आहे: नागपूरचे वैजनाथ पंडित बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरींना मराठी बायबलच्या कामात मदत करत होते आणि 1811 मध्ये मराठी नवा करार छापून झाला. केरी बॅप्टिस्ट होते, पण ते आसऱ्याला श्रीरामपूरला आले तेव्हा ते गावही डेन्मार्कच्या लूथरन राजाच्या ताब्यात होतं.

याच तंजावर-तरंगंबाडीच्या इतिहासात आमच्या परंपरेचा डागही आहे. चर्चमध्ये वरच्या जातींची आणि दलितांची बसण्याची जागा वेगळी होती. प्रार्थनेत सगळे एक शरीर, जमिनीवर मात्र दोन गट. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत मोडायचा प्रयत्न झाला, तेव्हा वेदनायगम शास्त्रींसारख्या थोर तमिळ ख्रिस्ती कवीनेही विरोध केला. त्यांच्या तक्रारींत जुनी गीतं उपासनेतून काढू नका ही रास्त मागणी होती आणि जातीच्या जागा राखा ही न पटणारी मागणीही होती. उपासनेचा क्रम माणसाला आपोआप सुधारत नाही. तोंडाने म्हणायचं एक आणि बसायचं दुसरीकडे, हे त्याला थांबवता आलं नाही. फक्त दर आठवड्याला पापांगीकार म्हणायला लावून तो माणसाला स्वतःचं खोटं ऐकवत राहिला, आणि सुधारणा मागणाऱ्यांना त्याच प्रार्थनेतले शब्द पुरावा म्हणून हाती मिळाले.

आता नागपुरात आणि छिंदवाड्यातही नवे प्रार्थनागट निघाले आहेत. गिटार, ढोल, टाळ्या, उत्स्फूर्त प्रार्थना. माझी भाची अशाच एका गटात जाते. ती म्हणते, "मावशी, तुम्ही दर रविवारी तेच ते वाचता, त्यात आत्मा कुठे आहे?" तिचा प्रश्न नवा नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या स्वीडिश वाचकांनी हाच विचारला होता आणि त्यासाठी ते तुरुंगात गेले होते. पुस्तक हातात आहे आणि मन बाजारात, असं मी स्वतःबाबतीत आणि मंडळीतही भरपूर पाहिलंय. पण दुसरी बाजूही पाहिली. गटाचा बोलका पुढारी गाव सोडून गेला की गट विखुरतो. प्रार्थना येणाऱ्यांच्याच प्रार्थना होतात, लाजरी माणसं भिंतीला टेकून बसतात. आणि घरात मयत झालेलं असताना कुणाला उत्स्फूर्त बोलता येतं? बाबा गेले त्या रात्री आमच्या घरात कुणाच्याही तोंडून धड वाक्य निघत नव्हतं. आजीने दयेची विनवणी सुरू केली, आम्ही मागून म्हटली. तेवढंच बोलणं त्या रात्री शक्य होतं, आणि ते पुरलं.

म्हणून माझं मत असं की क्रम आणि उत्स्फूर्तता यांत निवड करायला सांगणारे इतिहास अर्धाच वाचतात. लूथरने वेदीवरची मिस्सा आणि घरातली बैठक एकाच प्रस्तावनेत मांडली. छिंदवाड्याला आलेल्या स्वीडिश लोकांनी दोन्ही आणलं. भाचीच्या गिटारला माझी हरकत नाही. तिने गीताच्या जागी गीत गावं. फक्त पापांगीकार, क्षमेचं वचन, शास्त्रवाचन आणि विश्वासांगीकार यांना हात लावू नये, कारण ते पाद्र्याचे नाहीत, पुढाऱ्याचे नाहीत, ज्याला काहीच सुचत नाही त्याचे आहेत.

एक काम मात्र लवकर व्हायला हवं. मंडळीची हिंदी पुस्तकं छापलेली आहेत, घराघरांतला मराठी क्रम छापलेला नाही. तो वह्यांत आहे, किंवा अक्षर न शिकलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठांतरात. बाबांची वही मी नीट उतरवून काढली आहे आणि जुनी पानं फाटायच्या आत तिचे फोटोही काढले आहेत. सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, सावनेर या पट्ट्यात ज्यांच्या घरी अशी वही किंवा अशी आजी असेल, त्यांनी या नाताळाच्या आत बसून लिहून घ्यावं. शब्द पदरचे घालू नयेत, चुका सुधारू नयेत, जसं म्हणतात तसंच लिहावं. आणि लिहून झाल्यावर कपाटात ठेवू नये. पुढच्या रविवारी, पाद्री असो वा नसो, मोठ्याने म्हणावं.